खरवडलेली ओळ

सर, मोहने गावातली, घरात कुणाला उर्दूही न येणारी माझ्यासारखी मुलगी फारसी शिकायची म्हणते, याचं तुम्हाला नवल वाटलं नव्हतं. अजून डोळ्यांसमोर आहे: कल्याणच्या तुमच्या स्वयंपाकघरात चाची बोंबील तळतायत, आणि टेबलावर तुम्ही मला हस्तलिखितांवरचे मालकांचे शिक्के वाचायला शिकवताय. एकदा मी एका घरात ऐकलेली कहाणी खरी मानून तशीच लिहून आणली, तेव्हा केवढे चिडलात! "अगं, आधी कागद बघ. कहाणी मागून ऐक."

मागच्या उन्हाळ्यात नौपाड्यात एका घरी कुराणाचं हस्तलिखित बघायला गेले. पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं असावं. घरात म्हातारी आई आणि तिचा मुलगा. "सुलतानाने आमच्या पूर्वजांना बक्षीस दिलेलं," मुलगा म्हणाला. ते विकून त्याला बाळकुमला फ्लॅट घ्यायचा होता. गिऱ्हाईक ठरलेलं, फक्त मालकी कशी आली ते माझ्याकडून लिहून हवं होतं. शेवटच्या पानावर एका काझीचा शिक्का, एका व्यापाऱ्याचा, मग त्यांच्या पणजोबांचा. सुलतानाचा कुठेच नाही. पहिल्या पानावर मात्र एक ओळ कुणीतरी पात्याने खरवडलेली. अतिनील दिवा धरला आणि अक्षरं हळूहळू वर आली. मशिदीला वक्फ केलेली, म्हणजे कायमची दान दिलेली प्रत, विकू नये. गावाचं नाव पार गेलेलं.

"मॅडम, ही ओळ नाही लिहिली तर चालेल ना? साध्या डोळ्यांनी दिसतेय कुठे?"

त्याची आई पलंगावरून म्हणाली, "काय लिहिलंय, मला वाचून दाखव बेटा." मी वाचलं, अर्थ सांगितला. तेव्हा ती मुलाला म्हणाली, "आपलं नव्हतंच रे ते. आपण नुसतं सांभाळलं."

तो उठून बाहेर गेला.

मूळ मशीद कुठली, ते खूप विचारूनही कळलं नाही. शेवटी म्हातारीने ते कल्याणच्या एका जुन्या मशिदीतल्या ग्रंथालयाला दिलं. पोचवायला मुलगाच आला. रिक्षात पूर्ण वेळ दोन्ही हातांनी ते मांडीवर धरून बसलेला.

तुम्ही हे जग सोडून गेलात, हे पत्र टाकायला पत्ता नाही, तरी एक सांगून टाकते. त्या दिवशी दिवा लावण्याआधी त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि सर, क्षणभर मला मनापासून वाटलं, त्या खरवडलेल्या जागी काहीच दिसू नये.