मोहफुलांचा डबा

१९ जानेवारी २०२४

प्रफुलला अक्कल कमी आहे हे ठाऊक होतं. इतकी कमी असेल असं वाटलं नव्हतं! नागपूरच्या खेळण्यातल्या रेल्वेवाल्यांचा जो क्लब आहे, त्याचा हा अध्यक्ष. आज नागभीडला माझ्या घरी आला आणि मोबाईलवर अमेरिकेतले जुने पिवळे मालडबे दाखवले — आत बर्फ, बाहेर बिअर कंपनीचं नाव. "काका, असाच एक बनवा. फक्त आपल्याकडचा वाटला पाहिजे. बाजूला वाघ टाका."

वाघ! हॉटेलावर वाघ, सलूनवर वाघ, आता दारूच्या डब्यावरही वाघ.

मी म्हटलं, इथे त्या काळात बिअर कुणाच्या बापाने पाहिली होती? इथे मोह. नॅरोगेजने मोहफुलांची पोती दारूभट्टीकडे जायची. करीन तर तो डबा करीन. प्रदर्शन १८ फेब्रुवारीला. रेल्वेत सुतारकामात तीस वर्षं काढली मी — आणि हा मला डबा शिकवतो.

२२ जानेवारी

भट्टीचं नाव मनानेच ठरवलं — 'वैनगंगा'. अंग मातकट लाल, अक्षरं पिवळी, एका बाजूला मोहाचा घोस. वाघ नाही.

२७ जानेवारी

प्रफुलचा फोन. "मागे गार्डाचा डबा पण जोडा ना काका. तुमचे वडील याच लाइनवर गार्ड होते ना?"

नाही जोडत म्हटलं.

होता गार्ड. आई गेली त्या वर्षापासून प्यायला लागला. हिरवी झेंडी हातात धरून झोपायचा. शेवटी नोकरी गेली. आणि आईचं नाव पुन्हा म्हणून घरात काढलं नाही. बायको गेली की बाटली धरायची आणि मोकळं व्हायचं! त्या माणसासाठी मी चार चाकंही वाया घालवणार नाही.

३ फेब्रुवारी

बाजाराचा दिवस. सोमारीबाई जंगलाकडच्या तिच्या गावातून आली, तशी माझ्याकडे डोकावली. तिचा बाप वारलू आमच्या स्टेशनावर हमाल होता, मोहाची पोती तोच भरायचा. डबा पाहून हसायलाच लागली. "नानाजीभाऊ, बंद डब्यात फूल नेत असतेत का जी? तपते, सडते. बाजूले जाळी पायजे."

अंगठाबहाद्दर बाई, सत्तरी उलटलेली. तीही मला डबा शिकवते!

४ फेब्रुवारी

दोन्ही बाजूंना जाळी बसवली. मला आधीपासून बसवायचीच होती.

१२ फेब्रुवारी

शेवटचा हात चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा. छपरात तोंड दिसतं! असा डबा त्या क्लबात कुणाच्या हातून सात जन्मांत होणार नाही. जावई लोकेश म्हणतो, हे सगळं आता मशीनवर एका दिवसात छापून मिळतं. मिळत असेल. आमचा जावईही तसाच छापून मिळालेला दिसतो.

१५ फेब्रुवारी

सत्यानाश!

सोमारीबाई पुन्हा आली. जाळी बघून खूश. पदराआडून बाटली काढली, मोहाची, पहिल्या धारेची — आणि मी अगं अगं म्हणेपर्यंत बोट बुडवून छपरावर थेंब शिंपडले. चपडा तो! स्पिरिट लागलं की विरघळतो, आणि पहिल्या धारेची म्हणजे स्पिरिटच. रुपयाएवढा पांढरा डाग, बरोबर मधोमध. तीन दिवसांवर प्रदर्शन. मी ओरडलो, खूप ओरडलो. जंगली म्हणालो तिला.

ती जागची हलली नाही. "भाऊ, आमच्यात पयली धार पुरखायची. माह्या बापानं असेच डबे भरले जलमभर. त्याले नाई देऊ तं कोनाले देऊ?"

मग बाटलीला बूच लावून निघाली. दारात थांबली. "तुमचा बाप बी देत होता. माह्या बापापासूनच शिकला. 'ठमाबाई' म्हने, भुईवर सांडे, मंगच तोंडाले लावे. एकबी दिस चुकला नाई."

ठमाबाई माझी आई.

नवा हात द्यायला पॉलिश कपाटातून बाहेर काढलं होतं. झाकण लावून परत ठेवून दिलं.

१६ फेब्रुवारी

आज काही केलं नाही. जेवलोही नाही धड. पन्नास वर्षं मी त्या माणसाला शिव्या देत आलो.

१७ फेब्रुवारी

सकाळी सोमारीबाईच्या गावी गेलो. आधी हात जोडले, मग बाटली मागितली.

छपरावर आता दुसरा डाग आहे. हा मी पाडला. आईचं नाव घेतलं, मग बाबांचं.

प्रफुलला कळवलं, डबा उद्या येत नाही. मागे गार्डाचा डबा लागतो, तो अजून व्हायचा आहे.