बोंबलाच्या वासाचं खोकं

बुधवार, संध्याकाळ

चूक माझीच. वहिनींच्या टाकीतल्या गप्पी माशाच्या मादीने काल पिल्लं घातली. मोठे मासे पिल्लांना खातील, म्हणून कोळणीकडून थर्माकोलचं रिकामं खोकं मागून आणलं. बोंबलाचा वास जाईना, तेव्हा साबणाच्या पावडरीने घासलं, पाणी भरलं आणि पिल्लं सोडली. वास गेला, पण आज दुपारपर्यंत निम्मी पिल्लंही गेली. थर्माकोलात साबण मुरतो, हे माझ्या लक्षात यायला नको होतं? आणि त्या वासाने पिल्लांचं काय बिघडणार होतं?

दादा गेल्यापासून वहिनींना या माशांचाच विरंगुळा. त्यांना कसं सांगावं, म्हणून अंगणात घुटमळत राहिलो. त्यांनीच हाक मारली.

"भावोजी, आत या. मी बघितलंय सगळं. उरलीत ती तरी वाचवा."

त्यांनी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा पुढे केला. त्याची पिशवी शिवून काचेच्या टाकीतच टांगायची. पाणी सवयीचं आणि मोठ्यांपासून आडोसाही. मला सुचलंच नव्हतं.

"शिवा तुम्हीच. मला सुईचं नेढं दिसत नाही."

इतकं होऊनही त्यांनी काम माझ्याच हाती दिलं. मी टाके अगदी दाट घातले.