पाचपैकी पाच

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दीप्तीताई चप्पल काढता काढताच म्हणाली, आमच्या संस्थेची एक मुलगी पुढच्या आठवड्यात येईल. घरोघरी विचारत फिरतेय — सेवेबद्दल समाधानी आहात का म्हणून. "जे आहे तेच सांगा हं." तिला असंच म्हणावं लागणार ना! पण तिचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय, ठाऊक आहे मला. दर गुरुवारी पाचला ती माझ्या कल्पिताला शिकवायला येते, म्हणून बाकीचा आठवडा मी कसाबसा काढते. ती गेली तर माझी वाट लागली.

आज कल्पूने तिला चावलं. मलाही. मग तासभर चटईवर शेंगदाणे या वाटीतून त्या वाटीत. चटई मीच टाकली, दोन्ही वाट्या मीच काढल्या. नऊ वर्षांची झाली पोरगी, पण समोर कोण बसलंय याचं तिला काही नाही. दीप्ती काय, मी काय!

सोमवार, १०

कचऱ्याच्या डंपिंगचा वास मारतोय. खिडक्या बंद केल्या की कल्पू किंचाळते, उघड्या ठेवल्या तरी किंचाळते. डोकं उठलंय.

मंगळवार, ११

ती मुलगी येऊन गेली. अक्षता नाव. पोहे केले, उदबत्ती लावली. जयवंतने अर्धी रजा टाकून आपल्या लेकीला खाली फिरवलं.

एक ते पाच आकडे सांगायचे होते. मी सगळ्याला पाच! कल्पितामध्ये काय फरक पडला विचारलं, तर सुटलेच मी. म्हटलं, चावणं बंद झालंय. गुरुवारी स्वतःहून चटई टाकते, दोन वाट्या काढून ताईंची वाट बघत बसते. धडधडीत खोटं. हातावरचा दातांचा वण ओढणीखाली झाकून बसले होते. शेवटी तिने विचारलं, ताई नसल्या तरी जमेल का? म्हटलं, जमेल की! सगळं शिकवलंय त्यांनी.

जयवंतला सांगितलं तर म्हणाला, "अगो, खरा सांगलंस तर तुझा काय जाता?" माझं काय जातं! दीप्तीची नोकरी जाते. याला काय कळतंय?

सोमवार, २४

संस्थेतून फोन. दीप्तीताईचं कंत्राट वाढलं!! देवापुढे साखर ठेवली.

पण फोन तेवढ्यासाठी नव्हता. अभिनंदन म्हणाले, तुमचं घर आता सक्षम झालं. मुलुंडला किती घरं वाट बघतायत, ताईंना आता तिकडे देतोय. तुम्हाला काही लागलं तर फोन करा.

साखर तशीच आहे. मुंग्या आल्यात.

मंगळवार, २५

अक्षताला फोन केला. सरळ सांगितलं, मी खोटं बोलले, काहीच जमत नाही. ती म्हणाली, सगळ्याच आया असं बोलल्या, आता एकेक फोन येतोय. अहवाल वर गेलाय. पुन्हा नाव घालायचं तर रांगेत शेवटी.

घातलं.

गुरुवार, २७

शेवटचा गुरुवार. दीप्तीला सगळं सांगितलं. रागावेल वाटलं होतं. ती रडायलाच लागली. म्हणाली, "एकदा तरी म्हणायचंत ना, नाही जमत म्हणून." मग मीही रडले. कल्पूने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, शेंगदाणे टाकत बसली. इतका राग आला मला तिचा! दगड आहे नुसता, म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

गुरुवार, ६ मार्च

पाच वाजता कल्पूने चटई टाकली. स्वतःहून. दोन वाट्या काढल्या. दाराकडे तोंड करून बसलीये.

आठ वाजत आले. उठत नाही.