स्वल्पविरामावर कात्री

ता. ४ जून

चि. भिंगरी हीस आजोबांचे आशीर्वाद.

प्रकृती उत्तम आहे, मस्तक ठिकाणावर नाही. काल केस कापावयास गेलो असता न्हाव्याने मोबाइल पुढे धरून विचारले की, पंप अजून पाणी ओढतो काय. बाकावरची मंडळी फिदीफिदी हसली. पाहतो तो पडद्यावर मी! खाली अक्षरे : ‘आजोबांचा गैरसमज’. माझ्या मुखी एकच वाक्य : पंप पाणी ओढतो. मग तू येऊन सांगतेस की छे, बाहेरची हवा पाण्याला ढकलते.

हे तुला कोणी शिकवले? मीच, तू चित्रण करावयास आलीस त्याच बैठकीत. माझे संपूर्ण वाक्य असे होते : पंप पाणी ओढतो, असे लोक समजतात, परंतु ते साफ चूक आहे. तू स्वल्पविरामावर कात्री चालवलीस. मी चौथीपर्यंतच शिकलो. पण स्वल्पविरामाला थांबावयाचे असते, संपवावयाचे नसते, एवढे आमच्या गुरुजींनी शिकवले होते. एक्केचाळीस वर्षे पंप दुरुस्त केले. माझ्या हाताखाली तयार झालेले मिस्त्री आज मला काय म्हणत असतील? ती चित्रफीत काढून टाकावी. तोवर या घराची पायरी चढू नये.

लोभ असावा असे लिहिण्याची रीत आहे. आज हात धजत नाही.

तुझा आजोबा

ता. ९ जून

ती. आजोबांस शि. सा. न.

पत्र वाचून आधी घाबरले, मग खरं सांगते, हसू आलं. आमच्या विज्ञान केंद्रात साठ सेकंदांत सगळं सांगावं लागतं. आधी चूक दाखवली की मुलं थांबतात, नाहीतर बोटाने सरकवून पुढे जातात. तुमचं वाक्य लांब होतं, म्हणून कापलं. चाळीस हजार लोकांनी पाहिलं. साहेब खूश आहेत. सगळे तुम्हाला ‘गोड आजोबा’ म्हणतात. एवढं मनावर घेऊ नका. आई म्हणते, गोळ्या वेळेवर घ्या.

लोभ रागासकट चालेल.

तुमची भिंगरी

ता. १३ जून

चि. भिंगरी हीस,

‘गोड’ हा शब्द परत घ्यावा. मी गूळ नव्हे. चाळीस हजारांना खरे शिकवण्यासाठी आधी आजोबाला खोटे पाडलेस! आणि हवा ढकलते हे तू तरी डोळ्यांनी पाहिले आहेस काय? ऐकलेस आणि सांगितलेस.

चाळीस फुटांची पारदर्शक नळी आणावी. पाण्याने काठोकाठ भरून वरचे तोंड घट्ट बंद करावे, खालचे बादलीत बुडवावे आणि जिन्यातून वर चढवावी. पाणी कोठे अडते ते मुलांनाच मोजू द्यावे. नळी जाड घ्यावी. घड्याळ घरी ठेवावे.

आजोबा

ता. २४ जून

ती. आजोबांस शि. सा. न.

‘गोड’ परत घेतला. पहिली नळी पातळ आणली. हवेने ती चपटी केली आणि मुलं मलाच हसली. दुसरी जाड आणली. तेहतीस फुटांवर पाणी अडलं, हवेचा जोर तेवढाच. नळी आणखी वर नेली, तरी पाणी तिथेच, वर नुसती पोकळी. सातवीतल्या एका मुलीने विचारलं की मोठा पंप लावला तर? मी तुमचं अख्खं वाक्य ऐकवलं. एकोणीस मिनिटं कुणी जागचं हललं नाही.

जुनी चित्रफीत काढली. नवीच्या सुरुवातीलाच मी सांगितलंय की हे आजोबांनी शिकवलं आणि त्यांचं वाक्य मी कापलं होतं. लांब झाली म्हणून साहेब चिडलेत. चिडू देत. मी चुकले, आजोबा. घराची फार ओढ लागली आहे. येऊ का?

भिंगरी

ता. २८ जून

चि. भिंगरी हीस अनेक आशीर्वाद.

नवी चित्रफीत न्हाव्याच्या दुकानातच पाहिली. माझी अर्धी दाढी व्हावयाची होती. तरी संपेपर्यंत त्याला वस्तरा खाली ठेवावयास लावला आणि बाकावरच्या एकालाही उठू दिले नाही. राग गेलेला नाही. तो तेहतीस फुटांवर आहे. मात्र त्यावर चढणार नाही.

तुझ्या पत्रातला एक शब्द तपासून पाहिला, तो योग्य जागी आहे. पाण्याला ओढ नसते, त्याला ढकलावे लागते. ओढ माणसाला असते. रविवारी यावे.

तुझा आजोबा