ओढ्याच्या दोन्ही काठांचा मतदारसंघ

राजधानी, ९ फेब्रुवारी १९११

चि. रागना हिस आण्डर्सचे अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. इथे विधानसभेत जेवण म्हणजे उकडलेले बटाटे आणि भाषणं. काळजी वेगळीच आहे. मतदारसंघांच्या नव्या नकाशात आपला ओढाच सीमा धरलाय. उत्तरेकडचे आम्ही नॉर्वेहून आलेले एका संघात, दक्षिणेकडचे तुम्ही, म्हणजे बोहेमियाहून आलेले तुझ्या सासरचे लोक, रेल्वेच्या गावाला जोडलेले. तिथून कंपनीचाच माणूस निवडून येतो, म्हणजे तुमच्या पुलाचा अर्ज धूळ खात पडणार. सभापतींनी बोलावून सिगार दिला. मी नकाशाच्या बाजूने हात वर केला तर माझी जागा पक्की, शिवाय शेती समितीचं अध्यक्षपद. विचार करतोय. बाबांना इतक्यात सांगू नकोस.

तुझा,
आण्डर्स

---

नॉर्डबी, दक्षिण काठ, १४ फेब्रुवारी

ती. दादास रागनाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बाबांना सांगितलं नाही, पण वाक्लाव्हला सांगितलं, नवरा आहे माझा. तो म्हणाला, दादाचं भलं होत असेल तर आपण मध्ये पडू नये. माझ्या सासूबाई मात्र म्हणाल्या की लग्नात ह्याच आण्डर्सने आमच्याकडचे कोलाचे, ते गोड सारणाचे पाव, अकरा खाल्ले, तेव्हा ओढा दिसला नाही का त्याला!

गेल्या वसंतात पाणी चढलं तेव्हा डॉक्टर पलीकडेच अडकले आणि धाकटी तापाने फणफणत होती, हे तू विसरला नसशील. विचार कसला करतोस? मला बाईमाणसाला मताचा हक्क नाही दादा, पण पत्र लिहिता येतं. अध्यक्ष होऊन आलास तर कॉफी मिळेल, माझं बोलणं मिळणार नाही.

तुझी बहीण,
रागना

---

राजधानी, २४ फेब्रुवारी

चि. रागनास आशीर्वाद.

सुटलो एकदाचा. काल मतदान झालं. मी उभा राहिलो, तयार केलेलं भाषण पार विसरलो आणि एवढंच म्हणालो, "ओढ्याच्या पलीकडे माझी बहीण राहते." सगळे हसले. मी खाली बसणार तोच पश्चिमेकडचा एक सभासद उठला, त्याचंही गाव मधोमध चिरलं होतं. मग आणखी दोघे उठले. नकाशा तीन मतांनी पडला.

शेती समिती अर्थातच गेली. मला ग्रंथालय समितीवर टाकलंय, तिथे दोन म्हातारे सभासद डुलक्या काढतात. सभापती नमस्कारही घेत नाहीत. तरी महिन्याभरात पहिल्यांदा नीट जेवलो. बाबांना आता खुशाल सांग.

संध्याकाळी ग्रंथालय समितीतल्या त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक माझ्या टेबलापाशी आला. त्याने नकाशाच्या बाजूने मत दिलं होतं. हातातली टोपी फिरवत होता. मग म्हणाला की शिकागोला त्याचीही बहीण आहे, बारा वर्षांत पत्र नाही. मी त्याला कागद दिला. "सुरुवात काय करू?" त्याने विचारलं. मी तुझं पत्र त्याच्यापुढे ठेवलं.

वाक्लाव्हला आणि सासूबाईंना नमस्कार, मुलांना पापे. रागावत जा अशीच.

तुझा,
आण्डर्स