ग्रह त्याचा, चंद्र माझे

३ मार्च
मिळाली! अवकाश दुर्बीण आम्हाला मिळाली — गुरू आणि त्याच्या चंद्रांकडून येणारे क्ष-किरण बघायला. 'आम्हाला' म्हणजे मला आणि क्लाइव्हला. अर्ज केला तेव्हा आम्ही नवरा-बायको होतो. दुर्बीण मंजूर व्हायच्या आत घटस्फोट मंजूर झाला!
विभागप्रमुख ऑर्मरॉड सरांना म्हटलं, मी एकटी बघते. "हिलरी, अर्ज दोघांचा आहे. एक जण गळला तर दुर्बीण दुसऱ्यांना जाईल." जूनमध्ये माझी नोकरी संपतेय. काही सापडलं नाही तर वाढवून कोण देतंय? बरं म्हटलं.

५ मार्च
वाटणी झाली. घराच्या वेळी दोन वकील लागले होते. गुरूचं चहा पिता पिता उरकलं. क्लाइव्हनं ग्रह घेतला. मोठं तेच उचलणार — घरासकट सोफाही त्यानंच ठेवला! मला चंद्र, त्यातले मोठे. "चार-चार आहेत की," म्हणाला. जसा काही उपकारच.

९ मार्च
आईचा फोन. "गुरूचा एक्स-रे काढताय म्हणे. काय मोडलं गं त्याचं?"
समजावलं — आपण काढत नाही, किरण तिकडूनच येतात. गुरूभोवती वेगानं फिरणारे कण चंद्रांच्या बर्फावर आदळतात, आणि —
"बरं बरं. क्लाइव्हला सांग, रविवारी मटण भाजतेय."
क्लाइव्हला!! मी पोटची की तो?

२ एप्रिल
निरीक्षणं आली. त्याच्या ग्रहाच्या दोन्ही ध्रुवांवर झगमगाट. माझे चंद्र ठार काळोखात. त्यातल्या युरोपाजवळ तेवढे दोन-चार ठिपके.
क्लाइव्ह डोकावला. "स्क्रीन पुसलीस का?"
तो गेल्यावर पुसून पाहिली.

३ एप्रिल
ठिपके आहेत. पण इतके थोडे, की कोण विश्वास ठेवणार?

१८ एप्रिल
क्लाइव्हला गुरूच्या ऐन मधोमध चमकता डाग सापडलाय. आजवर कुणी न पाहिलेला! पुढच्या महिन्यात लंडनला व्याख्यान. कॉरिडॉरभर शीळ घालत फिरतोय, सगळ्यांना बिस्किटं वाटतोय. मी दोन खाल्ली. रागानं.

६ मे
सकाळी क्लाइव्ह टेबलाशी येऊन उभा. चेहरा उतरलेला.
"हिलरी, तुझा चंद्र माझ्या ग्रहावर आलाय."
"मग कुंपण घाल!"
हसला नाही. कागद पुढं केला. "डाग गुरूबरोबर फिरत नाहीये. त्या वेळी युरोपा गुरूच्या पुढून जात होता, डाग त्याच्याच वाटेनं सरकतोय. म्हणजे तो डाग नाहीच. तुझा युरोपा आहे तो — चमकणारा."
दुपारपर्यंत पडताळत बसले. खरं होतं! काळोखात दिसले ते ठिपके आणि हा डाग, एकाच चंद्राचे.
"बोलला नसतास तर कुणाला कळलं नसतं," मी म्हटलं.
"तुला कळलं असतं. मग माझी धडगत होती का?"
दोघंही हसलो. खूप दिवसांनी. जाता जाता म्हणाला, "लंडनला कळवलंय. व्याख्यान तू देतेयस."
आणि मी मेलीनं त्याची बिस्किटं रागानं खाल्ली!

७ मे
सरांनी नोकरी वाढवली. आईला कळवलं. "आणि क्लाइव्हचं काय?" — हेच पहिलं!

२१ मे
व्याख्यान झालं. टाळ्या पडल्या. माझ्या कॉलरचा माईक काढायला क्लाइव्ह पुढं आला. काढता काढता पुटपुटला, "परत ये ना घरी." माईक चालू!! पुढची रांग हसायला लागली.
मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "जरा मोठ्यानं! इकडं ऐकू आलं नाही."
क्लाइव्हनं माईक तोंडाशी धरला आणि पुन्हा म्हणाला. मोठ्यानं.