सात नंबरची विहीर

४ जानेवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कानांपुढे फोनने हात टेकले, म्हणून हे पत्र. मागच्या वेळी मी फोनवर ओरडत होते तेव्हा शेजारच्या काकू भांडण सोडवायला धावत आल्या होत्या.

बातमी अशी की मला नवीन काम मिळालं आहे. आमच्या वीज केंद्राच्या धुराड्यातून जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो पकडून नळाने चाळीस किलोमीटरवर न्यायचा आणि जमिनीत दोन किलोमीटर खोल कोंडायचा. जागा कुठली म्हणाल? तुम्ही जिथे गॅसच्या विहिरी खणल्या होत्यात, तीच! गॅस संपून खडक रिकामा पडलाय, आता त्यात हा भरायचा. जुन्या विहिरींची तोंडं नीट बुजवली आहेत का, याचे कागद तपासणं हे माझं काम. एखादी जरी कच्ची राहिली असेल तरी वायू तिथून वर यायचा. बाराच्या बारा फाइली माझ्या टेबलावर आहेत आणि प्रत्येकीवर तुमची सही आहे. साहेबांना मी ऐटीत सांगितलं की हे माझे सख्खे मामा.

घरात मात्र रोज जुंपते. तुमचे जावईबापू शाळेत विज्ञान शिकवतात ते कमी पडतं म्हणून मलाही शिकवतात. त्यांचं म्हणणं, कोळसा सरळ बंद करा, हे कोंडणं-बिंडणं म्हणजे भट्टी चालू ठेवायचा बहाणा. सिगारेट न सोडता खोकल्याचं औषध प्यायचं. मी म्हणते, उद्या बंद केलंत तर आठशे माणसं कुठे जातील आणि दवाखान्यातले दिवे कशावर लागतील? नेट झिरोचं, म्हणजे धूर शून्यावर आणायचं जे साल ठरलंय, तोवर ठरवणारे सगळे निवृत्त झालेले असतील, असा त्यांचा टोला. दोघं घसा बसेपर्यंत भांडतो आणि मग त्याच विजेवर चहा करून पितो.

तब्येतीला जपा. लोभ आहे तो असाच राहू द्या.

तुमची,
भिंगरी

१५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. मामाने उपसायचं आणि भाचीने भरायचं, असं आपल्या घराण्याचं दिसतंय. सूनबाईला वाचून दाखवलं, ती खूप हसली. मीही हसलो. त्यानंतर तीन दिवस मला जेवण गेलं नाही.

सात नंबरच्या फाइलीत सिमेंटची तीन बुचं लिहिली आहेत ना? एक तळाला, एक मध्ये, एक वर? ते खोटं आहे. फक्त वरचं आहे.

बुजवायची ती शेवटची विहीर होती. ओल लागून सिमेंटची पोती दगड झाली होती आणि नवीन माल यायला चार दिवस लागणार होते. माणसं अडीच महिने घराबाहेर होती, सामान लॉऱ्यांवर चढलं होतं. जेवढं सिमेंट बरं निघालं ते वरच्या बुचाला वापरलं. खाली ओंडके, खडी आणि चिखल लोटला. मी तीन लिहिलं आणि सही ठोकली. तेव्हा तुझी मामी आजारी असती किंवा घरात कुणाचं लग्न असतं, तर आज सांगायला बरं वाटलं असतं. तसं काहीच नव्हतं. घरी जायची घाई होती, एवढंच.

विहीर आटली होती. आतून आता काय येणार, असं सगळेच म्हणाले. परत आत काही भरायला कोणी येईल, हे आमच्या स्वप्नातही नव्हतं.

तुमचा वायू दाबाखाली असणार. तो हवेपेक्षा जड, वर आला तर खोलगट जागेत साचून राहील. त्याला ना रंग ना वास, माणूस कळायच्या आत गुदमरतो. सात नंबर खोलगटातच आहे. आमच्या वेळी तिथे नुसतं गवत होतं, आता काय आहे ते बघून कळव. आणि हे पत्र साहेबांना दाखव. माझं काय करायचं ते त्यांना करू दे.

तुझा,
मामा

२७ जानेवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मला तुमचा भयंकर राग आला, ते आधी सांगून टाकते. दोन दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते.

मग जाऊन आले. सात नंबरभोवती आता चाळीस घरं आहेत आणि एक पाळणाघर. कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईने मला बसवून पाणी दिलं. कशासाठी आलात म्हणून विचारलं, तर मी पाहणीसाठी एवढंच म्हणाले.

साहेबांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि तुमचं वय विचारलं. मग पत्र आणि फाइल शेजारी शेजारी ठेवून म्हणाले, एकीकडे त्याच दिवशी केलेली नोंद, दुसरीकडे चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाची आठवण, आणि दोन्हींखाली सही एकाच माणसाची. यातल्या कुठल्या माणसावर विश्वास ठेवू, तूच सांग. विहीर उकरून बघायला चौदा महिने लागतील आणि परवानगीची मुदत तर मेअखेर संपते. तरी तुमचं शपथेवरचं निवेदन मागितलंय, ते लगेच पाठवा.

आमच्या मास्तरांना आयतंच कोलीत मिळालं. पत्र पेपरात द्यायचं म्हणतात. मी नाही म्हटलं, तेव्हापासून आमचा अबोला आहे. योजना बारगळली की भट्टी विझेल असं त्यांना वाटतं. मामा, ती विझणार नाही हो. आज सोडतेय तसाच धूर आणखी वीस वर्षं सोडत राहील. इकडे पाळणाघर आणि तिकडे सगळ्यांचीच पोरंबाळं, मी कुणाकडे बघू?

उत्तराची वाट पाहते.

तुमची,
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

निवेदन सोबत आहे. वकिलाने विचारलं, आजोबा, खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय? विहीर बुजवणाऱ्या आमच्या नऊ जणांपैकी माझ्याखेरीज दोघे हयात आहेत. एक पोटच्या मुलांना ओळखत नाही. दुसऱ्याकडे बसने जाऊन आलो. त्याने चांगलं जेवू घातलं आणि हात जोडून म्हणाला, मला यात ओढू नका.

जावईबापूंना सांग, छापायचं तर खुशाल छापा. माझ्या अब्रूची काळजी करू नका. पण अबोला धरू नका, त्याने विहीर बुजत नाही.

तुझा,
मामा

३० मे

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही, कारण लिहायला तोंड नव्हतं.

तुमचं निवेदन छापून आलं ते तुम्ही पाहिलंच. पुढे काय झालं ते मात्र पेपरात आलं नाही. बंद करा म्हणणाऱ्यांनी ते मोठ्या अक्षरांत फलकावर लावलं. चालू ठेवा म्हणणाऱ्यांनी फलकावर शाई फेकली. लोकांच्या हरकती ऐकायच्या सभेत चार तास घोषणा चालल्या. तेवढी एक विहीर उकरून बघा, एवढं साधं वाक्य दोन्हीकडच्या कुणाच्या तोंडून निघालं नाही. मी उठून म्हणाले, तर दोन्ही बाजूंनी मला खाली बसवलं. मास्तरांनी त्या दिवशी घरी येऊन दोघांसाठी चहा केला. आता आम्ही बोलतो, पण भांडत नाही, आणि ते मला जास्त जड जातं.

काल मी तपासणीच्या अहवालावर सही केली. नोंदीनुसार तीन बुचं. एक हरकत आली आहे, अशी ओळ मी घातली होती. ती उचलून साहेबांनी मागच्या परिशिष्टात टाकली, जिथे कुणी जात नाही. मी राजीनामा दिला असता तर शेजारच्या टेबलावरच्याने सही केली असती. सगळे असंच म्हणतात, असं मास्तर म्हणाले. बरोबर आहे त्यांचं.

पुढच्या आठवड्यापासून वायू खाली सोडतील. एकदा तरी मला रागावून लिहा.

तुमची,
भिंगरी

१८ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचा पत्ता पाहून दचकू नकोस. सात नंबरपाशी, पाळणाघराच्या भिंतीला लागून एक खोली मिळाली, तिथे राहायला आलोय. तुझा मामेभाऊ संतापला आहे आणि सूनबाई रडली. महिन्यातून एकदा येईन असं सांगून त्यांना वाटेला लावलं.

रागावून लिहा म्हणालीस. तुझ्या जागी मी होतो तेव्हा कुणी रागावलं असतं, तरी मी सही केलीच असती. तेव्हा ते राहू दे.

तुमचं वायू मोजायचं यंत्र महिन्यातून एकदा गाडीतून येतं आणि अर्ध्या तासात जातं. मी रोज सकाळी डबाभर साबणाचं पाणी करतो, विहिरीच्या सिमेंटवर ओततो आणि उकिडवा बसून बघतो. खालून वायू आला तर बुडबुडे उठतील. अजून उठलेले नाहीत. गुडघे फार कुरकुरतात. माझं डोकं फिरलंय असं लोकांना वाटत होतं, आता सवय झाली.

पाळणाघराच्या बाईंना म्हटलं, मुलांना जमिनीवर निजवू नका, खाटांवर निजवा. त्यांनी का म्हणून विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं की बावीस खाटा कोण देणार आणि या खोलीत त्या मावणार कुठे? मी खोली मोजून पाहिली. नाही मावत. शेजाऱ्यांना घर बदला असं सांगायला गेलो, तर बदलून कुठे जायचं ते तुम्हीच सांगा म्हणाले.

हा वायू हजार वर्षं खाली राहायला हवा, असं तुमच्या माहितीपत्रकात लिहिलंय. मी पंचाहत्तरीला टेकलोय. कान गेले असले तरी नजर चांगली आहे, तेव्हा अजून चार-पाच वर्षं मी बघेन. त्यानंतर सकाळी कोणी बघायचं, ते फाइलीत कुठे लिहिलं असेल तर मला कळव.

तुझा,
मामा